मधुमेहासोबतची अवटू-अल्पक्रियता

अवटू ग्रंथी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली थायरॉइड, पुरेसे संप्रेरक तयार करीनाशी झाली की त्या विकाराला अवटू-अल्पक्रियता किंवा हायपोथायरॉइडिझम म्हणतात. मधुमेहींमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी तर त्याचे थेट नाते आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, तशीच ती अवटूवरही उलटू शकते. अवटूच्या या विकाराचे वर्णन जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा ही लक्षणे ‘शुगरमुळेच असेल’ म्हणून सहज सोडून दिली जातात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पहिल्या प्रकारच्या मधुमेहात निदानानंतर लवकरच आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी टीएसएच, म्हणजे अवटूचे काम कसे चालले आहे हे सांगणारा रक्तातील घटक, तपासतात.

दोन्ही आजारांचे उपचार वेगवेगळे पाहिले की घोटाळा होतो. अवटू मंदावली की यकृतातून साखर कमी सुटते आणि इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते. त्यामुळे नेहमीच्याच डोसने वरचेवर साखर उतरू लागते. जेवण तेच, इंजेक्शन तेच आणि तरी शुगर ‘लो’ होत असेल, तर थायरॉइड तपासायलाच हवी. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर चित्र उलटते. इन्सुलिनची गरज वाढू शकते, म्हणून त्या काळात ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा अधिक वेळा साखर पाहावी लागते. गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी केलेल्या तपासणीवरून डोस पुन्हा बदलणे घाईचे ठरते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणीही फसवू शकते. अवटू मंद असताना तांबड्या पेशी सावकाश बदलतात, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षातील साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो.

उपचार लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे अवटूच्या संप्रेरकाच्या गोळीचा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. सकाळचा चहाही तोवर थांबवायचा, आणि पुष्कळ घरांत नियम मोडतो तो इथेच. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन मात्र या गोळीबरोबर कधीच घेऊ नये. ते नाश्ता समोर आल्यावरच घ्यायचे, नाहीतर मधल्या तासात साखर घसरते. उठल्यावरच साखर ७० च्या खाली असेल, तर आधी ग्लुकोज किंवा साखरपाणी. गोळीचे नंतर पाहता येते. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांमध्ये चार तासांचे अंतर हवे. सकाळ जमतच नसेल, तर डॉक्टरांशी बोलून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेता येते.

सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाची तोंडाने घ्यायची गोळी आल्यापासून सकाळ आणखी अडचणीची झाली आहे. तिलाही रिकामे पोट लागते, घोटभर पाण्याबरोबर ती एकटीच घ्यावी लागते आणि तिच्यामुळे लेव्होथायरॉक्सिनचे शोषण वाढू शकते. दोन्ही गोळ्या चालू असणाऱ्याने टीएसएच पुन्हा तपासून घ्यावे.

कोलेस्टेरॉल दोन्ही विकारांत बिघडते. अवटूचा उपचार नीट झाला की त्यातला काही भाग आपोआप उतरतो. अवटू मंद असताना स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधामुळे, स्नायू दुखण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी टीएसएच पाहणे शहाणपणाचे. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना लेव्होथायरॉक्सिनची सुरुवात कमी डोसने, बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने करतात.

पथ्याच्या बाबतीत भीती जास्त पसरलेली आहे. शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. हाशिमोतोच्या विकारात जादा आयोडीन घेऊन गुण येत नाही, उलट त्रास वाढू शकतो.

गर्भधारणेत लेव्होथायरॉक्सिनची गरज साधारण चतुर्थांश ते निम्म्याने वाढते, इन्सुलिनची गरजही महिन्यागणिक बदलते. त्यामुळे दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवून दोन्ही डोस तपासून घ्यावे लागतात.