बीमिशचं रोली स्टेशन आणि पॉकर्लीची इंजिनं: जतन कशाला म्हणायचं?

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात बीमिश नावाचं खुलं संग्रहालय आहे. फ्रँक ॲटकिन्सन यांच्या पुढाकाराने ते १९७० मध्ये उभं राहिलं. काचेच्या कपाटात वस्तू मांडण्याऐवजी इथे अख्खी घरं, दुकानं, खाणीची वस्ती आणि ट्राम उभ्या केल्या आहेत. वाफेच्या रेल्वेशी संबंधित जागा मुख्यतः दोन: रोली स्टेशन आणि पॉकर्ली वॅगनवे, म्हणजे कोळशाच्या वाघिणी ओढण्याचा जुन्या पद्धतीचा रूळमार्ग. दोन्हीकडे रूळ आहेत, जुन्या वेशातली माणसं आहेत, त्यामुळे पाहणारे दोन्हींना सरसकट 'जतन केलेलं' म्हणून मोकळे होतात. पण रोलीची इमारत खरोखर जुनी आहे आणि पॉकर्लीला धावणारी इंजिनं आपल्या हयातीत घडवलेली आहेत. एवढा फरक ठाऊक असला की दोन्ही जागा वेगळ्या नजरेने पाहता येतात.

रोलीची इमारत १८६७ ची. कॉन्सेटजवळच्या माळावरचं हे लहानसं स्टेशन. प्रवासी गाड्या इथे १९३९ मध्ये थांबायच्या बंद झाल्या. पुढे इमारत उतरवून बीमिशला आणली, पुन्हा उभारली आणि १९७६ मध्ये कवी जॉन बेट्जमन यांच्या हस्ते ती खुली झाली. वापरात असेपर्यंत तिला ना गॅस मिळाला, ना वीज. सगळा कारभार तेलाच्या दिव्यांवर. म्हणूनच तिथल्या खोल्या आजही तशाच मंद उजेडात ठेवल्या आहेत, आणि मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. झगझगीत दिवे लावले असते तर भिंती खऱ्या राहिल्या असत्या, पण खोली खोटी झाली असती.

मात्र स्टेशनचा सगळा परिसर रोलीचा नाही. सिग्नल केबिन १८९६ ची, ती कॉन्सेटच्याच बाजूच्या कार हाउस नावाच्या ठिकाणची. मालाचं गोदाम अ‍ॅल्निकहून आणलेलं. पादचारी पूल आणखी तिसऱ्याच गावचा. म्हणजे प्रत्येक इमारत अस्सल, पण या सगळ्या एकमेकींच्या शेजारी पहिल्यांदा आल्या त्या बीमिशमध्ये. असं स्टेशन या रूपात पूर्वी कुठेच नव्हतं.

पॉकर्लीला हिशेब उलटा आहे. इथे १८२० च्या दशकातला, रेल्वेच्या अगदी बाळपणीचा काळ उभा केला आहे. त्या काळची मूळ इंजिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत आणि त्यांची भट्टी पेटवून त्यांना धाववणं कुणाही जबाबदार संग्राहकाला पटणार नाही. वाफेचं इंजिन चालवायचं तर झिजलेला भाग बदलावा लागतो. ब्रिटनमध्ये तर चालतं इंजिन साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडून बॉयलरची कसून तपासणी करावी लागते. दर खेपेला थोडं जुनं लोखंड जातं आणि त्याबरोबर त्यावरच्या हातोडीच्या, कानशीच्या खुणाही जातात. दोनशे वर्षांपूर्वीचा लोहार कसं काम करायचा याचा तेवढाच पुरावा आपल्याकडे असतो.

म्हणून प्रतिकृती. 'पफिंग बिली' हे विल्यम हेडली यांनी वायलमच्या कोळसा खाणीसाठी १८१३-१४ च्या सुमारास केलेलं इंजिन. मूळ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये थंड उभं आहे. बीमिशची प्रतिकृती २००६ ची. ती चालताना जवळून बघावी. बॉयलरच्या डोक्यावर लांब दांडे वरखाली हलतात आणि खालचे दातेरी चक्र फिरवतात. आतली धुराची नळी बॉयलरमधून जाऊन वळून परत येते, त्यामुळे भट्टीचं तोंड आणि धुराडं एकाच टोकाला. कोळसा घालणारा त्या टोकाला, चालवणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळा बॉयलर. दोघांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडायलाच हवं. उभ्या इंजिनापुढची पाटी कितीही वाचली तरी हे लक्षात येत नाही.

'स्टीम एलिफंट'ची गोष्ट तर याहून पुढची. १८१५ चं हे सहा चाकी इंजिन कधीच नाहीसं झालं. बीमिशकडे त्याचं एक तैलचित्र होतं. त्यावरून आणि जुन्या कागदपत्रांवरून ताळा जुळवत २००२ मध्ये ते पुन्हा घडवलं. इथे प्रतिकृतीला नकली म्हणायची सोयच नाही, कारण समोर ठेवायला अस्सल उरलेलं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांच्या बाबतीत आपणही नेमके याच जागी आहोत.

आणि 'अस्सल' म्हणजे तरी किती अस्सल? १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर धावलेल्या 'लोकोमोशन'चा बॉयलर १८२८ मध्ये फुटला, चालक दगावला. नंतर इंजिन दुरुस्त झालं, चाकंही बदलली गेली. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात जपलेलं ते मूळ इंजिन म्हणजे त्याच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट उरलेलं इंजिन आहे. १९७५ मध्ये केलेली त्याची प्रतिकृती बीमिशला बरीच वर्षं धावली. ती वयाने तरुण, पण मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशीचं रूप दाखवायला तीच उपयोगी.

पॉकर्लीची इंजिनं जिथे ठेवतात ती मोठी शेड मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिथे दोन्ही प्रकार एका छताखाली मिसळले आहेत. २००१ मध्ये नव्याने बांधलेली ही शेड सुरुवातीच्या काळातले इंजिनकर्ते टिमथी हॅकवर्थ यांच्या शिल्डनच्या कारखान्याच्या धर्तीवर आहे, पण तिच्यात त्याच काळातले दुसरे इंजिनकर्ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या न्यूकॅसलच्या कारखान्यातलं जुनं साहित्य वापरलेलं आहे.

जाणार असाल तर क्रम सुचवतो. आधी लंडनला थांबून मूळ 'पफिंग बिली' सावकाश पाहा, तिच्या लोखंडावरचे ठोके आणि सांधे न्याहाळा. मग बीमिशला पॉकर्ली, आणि रोली स्टेशन ढगाळ दुपारी, तेलाचे दिवे नीट कळतील अशा वेळी. तिथे कर्मचाऱ्यांना प्रत्येक इमारत कुठून आली ते जरूर विचारा.