‘लॉस्ट’मधलं समांतर विश्व : एका थिअरीची पार्श्वभूमी

(मालिकेचा शेवट पुढे उघड केला आहे.)

२ फेब्रुवारी २०१० ला ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेचा सहावा आणि शेवटचा सीझन सुरू झाला, तेव्हा समांतर विश्वाची थिअरी (एका क्षणी जगाला फाटा फुटला आणि दोन्ही जगं शेजारी चालू आहेत) मांडणाऱ्या चाहत्यांना आपलं म्हणणं सिद्ध झालं असंच वाटलं. ज्या विमानाच्या अपघाताने प्रवासी एका गूढ बेटावर अडकले आणि मालिका सुरू झाली होती, ते ओशॅनिक ८१५ या वेळी कोसळलं नाही. ते हादरलं, सावरलं आणि लॉस एंजेलिसला सुखरूप उतरलं. तिथल्या विमानतळाचा कोड ‘एलएएक्स’. भागाचं नाव मात्र ‘एलए’, मग मोकळी जागा, मग ‘एक्स’ असं लिहिलेलं होतं. ही थिअरी पुढे पावणेचार महिने टिकली. २३ मे २०१० च्या शेवटच्या भागाने ती मोडली. ती का पटली होती आणि नेमकी कुठे अडली, हे पाहायचं तर २०१० च्या बरंच मागे जावं लागतं.

‘लॉस्ट’ एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झाली. पहिली दोन वर्षं जोर होता तो दुसऱ्याच तर्कावर : सगळे प्रवासी मेले आहेत आणि बेट म्हणजे पापं फेडण्याची जागा. निर्मात्यांनी तो तेव्हाच साफ नाकारला होता. समांतर विश्वाचा तर्क ठळक झाला तिसऱ्या सीझनमध्ये, २००७ साली. बाहेरून हेलिकॉप्टरमधून आलेली नाओमी वाचलेल्यांपैकी एक असलेल्या हर्लीला सांगते, की ८१५ चे अवशेष सापडले आहेत आणि कोणीही वाचलेलं नाही. प्रेक्षकांसमोर तर वाचलेले लोक उभे आहेत. मग विमानं दोन, की जगं दोन?

त्याच सीझनच्या शेवटच्या भागात, २३ मे २००७ ला, वाचलेल्यांपैकी डॉक्टर असलेला जॅक दारूच्या नशेत हॉस्पिटलमध्ये ओरडतो, की माझ्या वडिलांना खाली बोलवा, ते माझ्यापेक्षा कमी प्यायलेले निघाले तर मला काढून टाका. जॅकचे वडील तर पहिल्या भागाच्या आधीच वारले होते. प्रसंग भविष्यातला आहे हे शेवटच्या दृश्यात कळतं. त्यामुळे हे वडील जिवंत असलेलं वेगळंच जग आहे, असं अनेकांनी धरलं. खरं उत्तर साधं होतं : जॅक नशेत बरळत होता. नाओमीच्या बातमीचं उत्तर चौथ्या सीझनमध्ये मिळालं. सुंदा गर्तेत सापडलेलं विमान बनावट होतं, कोणीतरी मुद्दाम तिथे बुडवलेलं. म्हणजे २००७ चे दोन्ही भक्कम पुरावे वर्षभराच्या आत निकालात निघाले.

तरीही थिअरी मेली नाही, कारण मालिका तिला खतपाणी घालतच होती. जुलै २००७ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात, बेटावर प्रयोग करणाऱ्या धर्मा इनिशिएटिव्ह या संस्थेच्या ऑर्किड स्टेशनची फिल्म दाखवली गेली. तीत १५ आकडा लिहिलेला ससा दोनदा दिसतो आणि दोघांना एकमेकांजवळ येऊ देऊ नका म्हणून धावपळ होते. चौथ्या सीझनमध्ये शास्त्रज्ञ डॅनियल फॅरडे जहाजावरून बेटावर रॉकेट मागवतो. ते पोचतं, पण त्यातलं घड्याळ आणि बेटावरचं घड्याळ यांत ३१ मिनिटांचा फरक निघतो. दोन्ही गोष्टी काळाशी निगडित होत्या, दुसऱ्या विश्वाशी नव्हे. काळप्रवास आणि समांतर विश्व यांची गल्लत या सगळ्या चर्चेत सुरुवातीपासून होती आणि बहुतेक चुका तिच्यातून निघाल्या.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं. अनेक विश्वांच्या कल्पनेचं शास्त्रीय मूळ ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत आहे. प्रिन्स्टनच्या या विद्यार्थ्याने म्हटलं, की क्वांटम मापनात एकच शक्यता उरते असं मानायची गरज नाही. सगळ्या शक्यता आपापल्या शाखेत घडतात. १९७० मध्ये ब्राइस डेविट यांनी ती सर्वांपर्यंत पोचवली. काळप्रवासाबद्दल मात्र दोन मतं आहेत. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांच्या तत्त्वानुसार भूतकाळात जाऊन तुम्ही काहीही केलंत, तरी ते आधीच इतिहासाचा भाग असतं. डेव्हिड डॉइच यांच्या १९९१ च्या मांडणीत मागे गेलेला माणूस दुसऱ्या शाखेत पोचतो आणि तिथे बदल करू शकतो.

‘लॉस्ट’ अनेक वर्षं पहिल्या बाजूला होती. काळाचं ज्ञान असलेली मिसेस हॉकिंग भूतकाळात पोचलेल्या डेस्मंडला बजावते, की तू वाट बदललीस तरी विश्व स्वतःला पुन्हा मार्गावर आणतं. पाचव्या सीझनमध्ये काळात मागे गेलेला प्रवासी सईद १९७७ मध्ये, पुढे बेटावरच्या लोकांचा म्होरक्या होणाऱ्या लहान बेनला गोळी घालतो. बेन मरत नाही. उलट त्याला वाचवण्याच्या धडपडीतूनच तो पुढचा बेन होतो. हे नोविकोव तत्त्वाचं नमुनेदार उदाहरण आहे. मग २९ एप्रिल २००९ च्या भागात फॅरडे मत बदलतो. माणसं स्वतः चल (गणितातली बदलणारी राशी) आहेत, त्यांना निवड करता येते, असं तो मांडतो. त्याचा बेत असा : बेटावर १९५४ पासून पडून असलेला जगहेड हा हायड्रोजन बाँब १९७७ मध्ये धर्माच्या स्वान स्टेशनच्या जागी फोडायचा. तिथली विद्युतचुंबकीय ऊर्जा नष्ट झाली, की स्टेशन होणार नाही, ती ऊर्जा आवरण्यासाठी सतत दाबावं लागणारं बटण राहणार नाही आणि ते दाबायचं राहून २००४ मध्ये विमान पडणार नाही. १३ मे २००९ च्या भागात बेटावरची डॉक्टर ज्यूलिएट खड्ड्यात पडून बाँबच्या गाभ्यावर दगड मारते, पडदा पांढरा होतो आणि काळ्या अक्षरांत ‘लॉस्ट’ उमटतं. नेहमीच्या शीर्षकाच्या बरोबर उलट.

पुढच्या साडेआठ महिन्यांत थिअरीने पक्कं रूप घेतलं. जुलै २००९ च्या कॉमिक-कॉनमध्ये दाखवलेल्या फिल्म्सनी भर घातली : ओशॅनिकची निर्धोक प्रवासाची जाहिरात, यशस्वी उद्योजक झालेला हर्ली आणि केट या प्रवासिनीवर मूळ कथेतल्यापेक्षा वेगळ्या माणसाच्या खुनाचा आरोप. फाट्याचा क्षण ठरला १९७७. ‘एलए एक्स’मध्ये कॅमेरा समुद्रतळाशी जातो, तेव्हा धर्माची घरं, झोके आणि पुतळ्याचं पाऊल दिसतं. म्हणजे बेट बुडालं ते धर्माची वसाहत बांधून झाल्यावर. मार्चमध्ये बेनचे वडील त्याला म्हणतात, की आपण त्या बेटावरून निघालो नसतो तर तू कोण झाला असतास. हेही १९७७ शी जुळतं. थिअरी खरोखर चांगली होती. तिने एक कारण, एक वर्ष आणि तपासता येतील असे परिणाम दिले होते.

फाट्याच्या अशा कथांची मराठी वाचकाला चांगली ओळख आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१ ची गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि इतिहास दुसऱ्या वाटेला लागतो. तिथे पुरावा हातात धरता येतो : बखरीचं फाटलेलं पान या जगात परत येतं. ‘लॉस्ट’च्या सहाव्या सीझनमध्ये एकही वस्तू एका बाजूकडून दुसरीकडे गेली नाही. या उणिवेकडे तेव्हा फार कमी जणांनी लक्ष दिलं.

दुसरी अडचण आठवणींची. एव्हरेटच्या मांडणीत शाखा वेगळ्या झाल्या, की व्यवहारात त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण उरत नाही. इथे तर विमान सुखरूप उतरलेल्या बाजूच्या पात्रांना बेटावरचं आयुष्य आठवू लागलं. ६ एप्रिल २०१० च्या भागात डेस्मंडला प्रचंड चुंबकीय क्षेत्रात ठेवलं जातं, म्हणून ‘चुंबकत्वामुळे गळती’ अशी दुरुस्ती सुचवली गेली. पण त्याच भागात प्रवासी चार्लीला बेटावरची त्याची प्रेयसी क्लेअर दिसलेली असते ती घशात पुडी अडकून जीव गुदमरताना. आठवडाभराने हर्लीला आठवतं ते बेटावरची त्याची प्रेयसी लिबी हिने चुंबन घेतल्यावर. तिथे चुंबक कुठेच नाही. आठवण जागी होत होती मरणाच्या किंवा प्रेमाच्या स्पर्शाने.

सर्वांत ठोस विरोधी पुरावा पहिल्याच भागात होता. विमानातल्या स्वच्छतागृहाच्या आरशात जॅकला मानेवर जखम दिसते, रक्त येत असतं, कारण कळत नाही. पुढे पोटावर अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा व्रण निघतो आणि तोही त्याला नीट आठवत नाही. शेवटच्या भागात, २००७ सालच्या बेटावर, मेलेल्या लॉक या प्रवाशाच्या रूपातला शत्रू जॅकच्या उजव्या कुशीत सुरा खुपसतो आणि मानेवर टेकवून रक्त काढतो. जागा त्याच. १९७७ मध्ये फुटलेल्या शाखेतल्या २००४ च्या माणसाच्या अंगावर मूळ शाखेतली २००७ ची जखम कशी येईल? याला थिअरीत उत्तरच नव्हतं.

उत्तर शेवटच्या भागातल्या चर्चमधल्या प्रसंगात आहे : सुखरूप उतरलेल्या विमानाचं ते जग म्हणजे समांतर विश्व नव्हतं, मेल्यानंतरची जागा होती. जॅकचे वडील सांगतात, की ही जागा तुम्ही सर्वांनी मिळून एकमेकांना शोधण्यासाठी निर्माण केली आणि इथे ‘आत्ता’ असं काही नाही. कोणी जॅकच्या आधी मेलं, कोणी खूप नंतर. बेटावरचं सगळं खरंच घडलं होतं. हे वाक्य नीट न ऐकल्याने आणि श्रेयनामावलीवर एबीसीने किनाऱ्यावरच्या अवशेषांची दृश्यं जोडल्याने ‘सगळे पहिल्याच अपघातात मेले’ हा गैरसमज आजही भेटतो. ती दृश्यं कथेचा भाग नव्हती.

राहिला ज्यूलिएटचा प्रश्न. मेल्यावर ती, मृतांचं बोलणं ऐकू येणाऱ्या माइल्सकरवी, प्रियकर सॉयरला कळवते, की ‘जमलं’. थिअरीवाल्यांचा हा हुकमी पत्ता होता : बाँबने काम केलं. शेवटच्या भागात सॉयरचं चॉकलेट हॉस्पिटलच्या यंत्रात अडकतं. ती प्लग काढून परत लावायला सांगते. चॉकलेट खाली पडतं आणि ती तोच शब्द उच्चारते. मरताना ती या भेटीतलं वाक्य बोलत होती. बाँबचं म्हणाल, तर १९७७ चा तो स्फोट बहुधा तोच मूळ अपघात होता, ज्यामुळे स्वान स्टेशनला बटण बसवावं लागलं. मालिका पुन्हा पाहताना पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात धर्मातल्या शास्त्रज्ञ डॉ. चँगचा हात लोखंडाखाली चिरडतो ते दृश्य थांबवून पाहा. दुसऱ्या सीझनमधल्या स्वान स्टेशनच्या फिल्ममध्ये त्याचा तो हात कृत्रिम दिसतो.