कबाब, साते, याकितोरी: आधी सळई ठरवा

शेगडी घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक मसाल्याचं विचारतात. आम्ही आधी विचारतो, सळई कोणती घेताय? कारण मांसाचा तुकडा केवढा, आच किती आणि मसाला कधी, हे तिच्यावरच ठरतं.

सीख कबाबच घ्या. फारसीत ‘सीख’ म्हणजे सळई. खिम्यात चरबी, वाटलेली कच्ची पपई आणि फुटाण्याचं पीठ. हा खिमा बारीक गोल सळईवर लावला, तर वळवताना नुसती सळई फिरते आणि कबाब एकाच बाजूने करपतो. म्हणून सळई जाड आणि चौकोनी हवी. तुर्कस्तानातल्या अदाना कबाबाची तर पट्टीसारखी चपटी असते. लोखंड तापलं की मांस आतूनही शिजतं. बोकडाच्या मांडीचा खिमा कोरडा पडतो, तेव्हा किलोला 150 ते 200 ग्रॅम चरबी खाटकाकडून मागून घ्या. चरबी नको म्हणणाऱ्यांचे कबाब कोरडे होतात.

इंडोनेशियातल्या सातेला बांबूची काडी लागते, नाहीतर माडाचा हीर. हो, कोकणात ज्याचा खराटा करतात तोच. काडी नाजूक म्हणून तुकडेही लहान, आणि ते झटपट भाजले जातात. मदुरा बेटाच्या पद्धतीत चिकनला शेंगदाण्याचं दाट सॉस आणि केचाप मानिस, म्हणजे गोड सोया सॉस. योग्याकार्ता शहराजवळ मात्र मटणाला मीठ लावून ते सायकलच्या स्पोकवर भाजतात. त्याला साते क्लाथाक म्हणतात. लोखंडाची करामत तिथेही तीच.

जपानची याकितोरी कोंबडीची. चव एक तर मिठाची, नाहीतर ‘तारे’ या गोडसर सोया सॉसची. नावाजलेल्या ठिकाणी बिंचोतान हा ओकचा कोळसा वापरतात. त्याला धूर जवळजवळ नसतो. आपल्या साध्या कोळशावर करायची असेल, तर निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबा, आणि छातीऐवजी मांडीचं मांस घ्या.

पहिल्यांदाच करणाऱ्यांना आम्ही चीनच्या शिनजियांगमधल्या उइघुर लोकांची पद्धत सुचवतो. एक तुकडा मटणाचा, एक चरबीचा, आणि वरून मीठ, जिरेपूड, लाल तिखट. सगळं घरात असतंच. आपलं मटण निबर असेल, तर तुकडे लहान करा.

बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. गोड सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावा, आधी लावलं तर साखर जळून कडू होते. आणि बंद गॅलरीत किंवा खोलीत कोळसा कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून धोका कळतच नाही.

दुकानात सगळ्या सळया मांडून ठेवल्या आहेत. खिमा कसा दाबून लावायचा, ते आम्ही कणकेच्या गोळ्यावर करून दाखवतो. घाईत नसताना या, स्वतः लावून बघा, मग घ्या.