कुठलं सिंक गेलंय?

"सर, सिंकच होईना झालंय बघा. टेबलावर पळतंय, शिवारात नेलं की मुकं."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यातल्या निम्म्यांचं गाऱ्हाणं हेच. सिंक म्हणजे सिंक्रोनायझेशन, पाठवणारा आणि ऐकणारा यांचं जुळणं. मी विचारतो, कुठलं सिंक? उत्तर ठरलेलं: "सिंक म्हंजे सिंक की सर."

घोळ तिथंच आहे. डिजिटल रेडिओत ट्रान्समीटर आणि रिसिव्हर यांच्यात दोन निराळ्या गोष्टी जुळाव्या लागतात आणि आपण दोन्हींना एकाच नावानं हाक मारतो. पहिलं कॅरिअर सिंक: पाठवणारा ज्या लहरीवर स्वार होऊन बोलतोय, नेमकी तीच लहर ऐकणाऱ्यानं धरणं. दुसरं सिम्बॉल टायमिंग. सिम्बॉल म्हणजे एका वेळी पाठवलेली एक खूण, तिच्यात एक किंवा जास्त बिट असतात. एक सिम्बॉल कुठं संपतो, पुढचा कुठं सुरू होतो आणि त्याच्या बरोबर मध्यावर कधी बघायचं, हे ठरवणं.

आपल्याकडं भजनाला बसलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. बुवांनी काळी चार धरली आणि पेटी काळी तीनवर वाजत राहिली, तर सूर जुळलेला नाही. सूर पक्का आहे, पण टाळकरी पखवाजाच्या मागं पडत चाललेत, तर ताल सुटलाय. पट्टी बदलून ताल सुधारत नाही आणि लय वाढवून सूर लागत नाही. कॅरिअर म्हणजे सूर, सिम्बॉल टायमिंग म्हणजे ताल. बेसूर पेटी आणि मागं पडलेला टाळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. रेडिओत मात्र दोन्ही बिघाड बहुतेक वेळा एकाच क्रिस्टलमधून, म्हणजे बोर्डाचं घड्याळ चालवणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यातून येतात, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते.

सुरुवातीचं गाऱ्हाणं ज्याचं, त्या पोराचा प्रोजेक्ट साधाच होता. पंचगंगेकाठी उसाला पाणी देणारी मोटर चालू आहे की बंद, करंट किती ओढतेय, एवढं घरी कळवायचं. फ्रिक्वेन्सी ८६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्याकडच्या विनापरवाना पट्ट्यातली. वेग सेकंदाला ४८०० बिट, पद्धत एफएसके, म्हणजे शून्याला एक फ्रिक्वेन्सी आणि एकाला दुसरी, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना ५-५ किलोहर्ट्झवर. टेबलावर दोन्ही बोर्ड शेजारी, एकाच पंख्याखाली. शेतात मात्र एक बोर्ड पत्र्याच्या पेटीत, उन्हात. क्रिस्टल तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. साध्या क्रिस्टलच्या बाबतीत दोन बोर्डांत १५ पीपीएमचा, म्हणजे दहा लाखात १५ चा फरक पडणं यात नवल काही नाही.

पोरानं आठवडाभर काय केलं? बॉड रेट, म्हणजे सिम्बॉल पाठवायचा वेग, खालीवर करत बसला. ४८००, ४७९०, ४८१०. म्हणजे सूर बिघडला असताना पखवाजाला दटावणं. आता तेच १५ पीपीएम दोन्हीकडं लावून बघा.

तालाकडं: ३० बाइटचा मेसेज म्हणजे २४० बिट. २४० बिट जाईपर्यंत दोन घड्याळांत पडणारा फरक ०.००३६ बिट. रिसिव्हर प्रत्येक बिटाच्या मध्यावर बघतो, त्यामुळं अर्ध्या बिटापर्यंत सरकलं तरी निभतं. कुणीच काही दुरुस्त केलं नाही तरी अर्धा बिट सरकायला तेहतीस हजारांवर बिट जावे लागतील, म्हणजे सुमारे सात सेकंद अखंड बडबड. मेसेज संपतो एका सेकंदाच्या विसाव्या भागात. शिवाय शून्याचा एक आणि एकाचा शून्य होताना रिसिव्हर दरवेळी ठोका सावरून घेतोच.

सुराकडं: ८६६ मेगाहर्ट्झचे १५ पीपीएम म्हणजे सुमारे १३ किलोहर्ट्झ. सिग्नलची स्वतःची रुंदी साधारण १५ किलोहर्ट्झ आणि पोरानं रिसिव्हरचा फिल्टर, म्हणजे तो ऐकतो ती खिडकी, ठेवली होती २० ची. गोंगाट कमी यावा म्हणून, हौसेनं. १३ किलोहर्ट्झ सरकलेला सिग्नल त्या खिडकीत अर्धाही दिसत नव्हता. म्हणजे एकाच क्रिस्टलच्या एकाच चुकीनं ताल जागचा हलला नाही आणि सूर खोलीबाहेर गेला. फिल्टर ५० किलोहर्ट्झ केला, मोटर बोलायला लागली. फुकट नाही झालं ते: खिडकी अडीचपट मोठी, म्हणजे गोंगाट ४ डेसिबलनं जास्त आणि पल्ला तेवढा कमी. पल्ला परत हवा असेल तर तापमानामुळं पडणारा फरक सावरणारा क्रिस्टल, टीसीएक्सओ, बसवायचा, नाहीतर रिसिव्हरला फरक मोजून आपली फ्रिक्वेन्सी स्वतःच सरकवायला लावायची.

मग आकाशवाणी कोल्हापूर स्वस्तातल्या डोंगलवरही, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसिव्हरवरही, कशी छान लागते? १०२.७ मेगाहर्ट्झवर २० पीपीएम म्हणजे दोन किलोहर्ट्झ, आणि एफएमचा आवाज ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडंतिकडं झुलतो. त्यात दोन कुणाला कळतात. त्या ॲनालॉग आवाजात सिम्बॉल नाहीतच, त्यामुळं टायमिंगचा प्रश्नच येत नाही. "एफएम लागतंय म्हणजे डोंगल चांगलं" या निष्कर्षावर म्हणूनच विसंबू नये.

एफएसकेमध्ये कॅरिअर ढोबळमानानं जुळला तरी चालतं. क्यूपीएसकेसारख्या पद्धतीत तेवढ्यावर भागत नाही. तिथं माहिती लहरीच्या फेजमध्ये असते, दर सिम्बॉलला चारांपैकी एक कोन. दर सिम्बॉलचा कोन ठिपक्यानं दाखवला, तर स्क्रीनवर चार ठिपके दिसले पाहिजेत. कुठलं सिंक गेलंय हे ओळखायला त्या ठिपक्यांसारखं साधन नाही, म्हणून मी पोरांना आधी ते बघायला लावतो.

कॅरिअर १००० हर्ट्झनं चुकला असेल, तर ठिपके सेकंदाला १००० गिरक्या घेतात. डोळ्याला ठिपके नाही, कडं दिसतं. चुडा असावा तसं गोल, आणि महत्त्वाचं म्हणजे बारीक. केंद्रापासूनचं अंतर बदलत नाही, फक्त कोन फिरतो. टायमिंग चुकलं असेल, तर रिसिव्हर सिम्बॉलच्या मध्यावर न बघता एका सिम्बॉलमधून दुसऱ्यात जाताना बघतोय. ठिपके फिरत नाहीत, पसरतात. केंद्राकडं ओघळ येतात, धुरळा उडतो. दोन्ही गेलं असेल तर जाड, फिसकटलेलं कडं. कडं बारीक असेल तर टायमिंगला हात लावू नका. एवढी एक खूण माहीत असती तरी कित्येक रात्री वाचल्या असत्या, माझ्याही.

दुरुस्तीची यंत्रणाही वेगवेगळी. क्यूपीएसकेच्या सिग्नलमध्ये कॅरिअर वेगळा उभा दिसत नाही, तो माहितीत विरघळलेला असतो. तिथून तो हुडकून काढावा लागतो. त्यासाठीचं कोस्टास लूप जनरल इलेक्ट्रिकमधल्या जॉन कोस्टास यांनी १९५६ मध्ये मांडलं. टायमिंगसाठी फ्लॉइड गार्डनर यांची १९८६ ची रीत आजही सर्रास वापरतात. दर सिम्बॉलमागं दोन नमुने घ्यायचे, म्हणजे सिग्नल दोनदा मोजायचा, मधल्या नमुन्यावरून आपण घाई करतोय की रेंगाळतोय ते ताडायचं. या रीतीला कॅरिअरचा कोन माहीत असावा लागत नाही, ठिपके हळू फिरत असले तरी ती काम करते. तिच्याआधी दहा वर्षं आलेली म्युलर आणि म्युलर यांची रीत एकाच नमुन्यात भागवते, पण तिला कॅरिअर आधी जुळलेला लागतो. म्हणून क्रम असा बसतो: कॅरिअर ढोबळ जुळवा, मग गार्डनरनं ठोका पकडा, मग कोस्टासनं कॅरिअर बारीक जुळवा. आमच्या गाण्याच्या देवल क्लबातही तानपुरा आधी अंदाजानं आणि मग कान लावून जुळवतातच की.

प्रिअँबल आणि सिंक वर्ड यांतही हाच गोंधळ होतो. प्रिअँबल, म्हणजे मेसेजच्या सुरुवातीचं १०१०१०१०, ठोका पकडायला असतं, कारण त्यात दर बिटाला बदल आहे. पण ते इतकं एकसारखं असतं की मेसेज कुठून सुरू झाला हे त्यातून कळत नाही. सम दाखवायला सिंक वर्ड, म्हणजे दोघांना आधीच ठाऊक असलेला बिटांचा ठरावीक गट, लागतो. त्याचं आणखी एक काम आहे, आणि ते मी त्या पोराला सांगायचं विसरलो होतो.

परवा रात्री त्याच पोराचा फोन. मोटर मार्गी लागली, आता गडी क्यूपीएसकेच्या मागं लागलाय. "सर, चारी ठिपके झ्याक बसलेत. हलेनात की पसरेनात. पण मेसेज नुसता कचरा."

"चार ठिपक्यांचा चौकोन पाव फेरीनं फिरला तर कसा दिसंल?"

थोडा वेळ पलीकडं नुसता पंखा ऐकू आला.

"तसाच की."

"मग लूपला तरी कसं कळावं, चारांतला पहिला ठिपका कुठला ते? सिंक वर्ड चारी कोनांतून फिरवून बघ. ज्या कोनात जुळंल, तो खरा."

"म्हंजे हे तिसरं सिंक म्हणायचं का सर?"

"उद्या ये," म्हटलं, "आणि येताना डोंगल आण."