हिरवा दिवा आणि काचेखालची हवा

स्टीलची, पुढे काच असलेली कुठलीही पेटी दिसली की प्रयोगशाळेत तिला सरसकट ‘लॅमिनार’ म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. साधा आडव्या प्रवाहाचा लॅमिनार बेंच गाळलेली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. नमुना सुरक्षित राहतो, माणूस नाही. क्षयरुग्णाची थुंकी त्यावर उघडली, तर जंतू थेट नाकाशी. बायोसेफ्टी कॅबिनेटला, म्हणजे धोकादायक जंतू हाताळायच्या पेटीला, दोघांनाही सांभाळायचे असते आणि म्हणून तिथल्या हवेचा तोल नाजूक असतो.

नेहमी आढळणारे कॅबिनेट दुसऱ्या वर्गाचे, ए-२ प्रकारचे. पंखा आतली हवा वरच्या कप्प्यात ढकलतो. तिथून साधारण ७० टक्के हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून गाळून पुन्हा कामाच्या जागेवर उतरते, ३० टक्के दुसऱ्या हेपातून बाहेर पडते. जेवढी बाहेर गेली तेवढीच खोलीतून काचेखालच्या फटीने आत येते आणि पुढच्या जाळीत शिरते. हाच तो अदृश्य पडदा. अमेरिकी एनएसएफ ४९ मानकानुसार त्याचा वेग सेकंदाला किमान ०.५१ मीटर हवा. माणूस चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी! मागून कोणी लगबगीने गेले किंवा डोक्यावर छताचा पंखा असला, तरी पडदा फाटतो.

कॅलिब्रेशन म्हणजे काचेखालून आत येणारा आणि वरून उतरणारा, या दोन प्रवाहांची वाटणी जुळवणे. पंख्याचा वेग वाढवला तर दोन्ही वाढतात. बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा डॅम्पर (हवेची झडप) उघडला तर आत येणारी हवा वाढते, वरून उतरणारी घटते. आतला ओढा कमी पडला तर जंतू बाहेर. फार झाला तर खोलीतली धूळ जाळी ओलांडून नमुन्यावर. म्हणून एक आकडा सुधारला की दुसरा पुन्हा मोजावाच लागतो.

मोजायचे कसे? काचेखाली नुसता ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेगमापक) धरून उपयोग नाही, कारण तिथे हवा वळून खाली जात असते. फटीवर हूड (हवा गोळा करणारे झाकण) लावून आत जाणारी सगळी हवा लिटरमध्ये मोजतात आणि क्षेत्रफळाने भागतात. फट १.२ मीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच असेल, तर सेकंदाला सुमारे १२२ लिटर हवे. उतरणारी हवा मात्र काचेच्या खालच्या कडेपासून १० सेंटिमीटर वरच्या पातळीवर, चौकटी आखून बिंदूबिंदूला मोजतात.

आता गंमत पुण्याची. तापलेल्या तारेचा ॲनिमोमीटर खरे तर वेग मोजत नाही. हवा तारेला किती गार करते ते मोजतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथली हवा विरळ. तार कमी गार होते, आकडा सहा-सात टक्क्यांनी कमी येतो. मानकातली सूट सेकंदाला ०.०२५ मीटर, ही चूक त्याहून मोठी! घनतेची दुरुस्ती न करता डॅम्पर फिरवणारा तंत्रज्ञ ठीक असलेले यंत्र बिघडवून जातो. मुंबईत हा प्रश्न जवळपास येतच नाही.

फिल्टरची गळती वेगळी तपासतात. वरच्या कप्प्यात पीएओ नावाच्या कृत्रिम तेलाचे धुके सोडायचे, खाली फोटोमीटरची (धुके मोजणाऱ्या यंत्राची) नळी फिल्टरपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर धरून सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरवायची नाही. वरच्या धुक्याच्या ०.०१ टक्क्याहून अधिक एका ठिकाणी निघाले तरी नापास. गॅस्केट (फिल्टरच्या कडेची सीलपट्टी) आणि चौकटीचे कोपरे सोडायचे नाहीत. समोरचे दाबमापक अशा बारीक छिद्राने हलत नाही. ते फिल्टर चोंदत चालल्याचे सांगते, एवढेच. पॅनेलवरचा हिरवा दिवाही याबाबत आंधळाच.

धुराच्या चाचणीला उदबत्ती नको. गरम धूर स्वतःच वर चढतो आणि हवा कुठे जाते ते कळू देत नाही. थंड धूरच लागतो. खंडेनवमीला यंत्राची पूजा करा, पण झेंडूची माळ पुढच्या जाळीवर नको, तिने पडदा तिथेच तुटतो. निळ्या यूव्ही दिव्यावरची श्रद्धाही याच जातीची: धुळीचा थर बसला की तो नुसता शोभेचा, आणि पुसून स्वच्छ केला तरी जंतुनाशकाने पुसण्याची जागा घेत नाही.

तपासणी वर्षातून एकदा, शिवाय कॅबिनेट हलवल्यावर, फिल्टर बदलल्यावर. आतले भाग उघडण्यापूर्वी वायूने निर्जंतुकीकरण हवेच. आणि पुढच्या वेळी हवा अचानक कमी झाली तर आधी मागच्या जाळीखाली डोकवा, टिश्यू पेपर ओढला जाऊन पंख्याशी अडकलेला सापडेल.