सेक्शन एट (भाडे व्हाउचर)

अमेरिकेत कमी उत्पन्नाची कुटुंबे, वृद्ध व अपंग यांना खासगी घराच्या भाड्यासाठी मिळणारे केंद्र सरकारचे साहाय्य. अधिकृत नाव ‘हाउसिंग चॉइस व्हाउचर’. बोलण्यात मात्र सगळीकडे ‘सेक्शन एट’च. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम ८ ला १९७४ साली आजचा अर्थ मिळाला, त्यावरून हे नाव. त्याआधी सरकारी इमारती बांधण्यावर भर होता. १९७३ मध्ये निक्सन सरकारने अशा नव्या प्रकल्पांचा पैसा रोखला आणि भाड्यालाच हातभार लावण्याचा विचार पुढे आला.

हिशेब सोपा आहे. कुटुंबाने वजावटीनंतरच्या उत्पन्नाचे साधारण ३० टक्के भरायचे. उरलेले भाडे स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देते. महिना १,००० डॉलर हिशेबी उत्पन्न असलेल्या आजींनी १,४०० डॉलरचे घर घेतले, तर त्यांचा वाटा ३०० आणि प्राधिकरणाचा १,१००. अर्थात भाडे त्या भागासाठी ठरवलेल्या मर्यादेत हवे आणि घर तपासणीत उतरायला हवे.

मुंबईच्या वाचकाला यातला फरक चटकन कळेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, म्हणजे स्वस्त भाड्याचा भार घरमालकावर टाकला. परिणामी चाळींची डागडुजी थांबली. अमेरिकेच्या या योजनेत तो भार सरकारी तिजोरी उचलते. पण तिजोरीलाही मर्यादा आहे. सुमारे २३ लाख कुटुंबांना व्हाउचर मिळते. सगळ्या केंद्रीय भाडे योजना धरल्या तरी पात्र कुटुंबांपैकी साधारण चारात एकालाच मदत पोहोचते. बाकीचे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत. कित्येक ठिकाणी यादीच बंद असते; उघडली, की यादीत नाव लागण्यासाठीही सोडत.

६२ वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी १९५९ पासून ‘सेक्शन २०२’ ही वेगळी योजना आहे. तीत मदत इमारतीला जोडलेली असते. कामाच्या किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना व्हाउचर मिळत नाही. ग्रीन कार्डधारक पात्र ठरू शकतात.

व्हाउचर मिळाले म्हणजे घर मिळाले असे नव्हे. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारता येत नाही. केंद्रीय कायद्यात मात्र अशी सरसकट मनाई नाही. घर शोधायला निदान ६० दिवस मिळतात, मुदतवाढ प्राधिकरणाच्या मर्जीवर. तेवढ्यात घर जमले नाही, तर व्हाउचर परत जाते आणि यादीतल्या पुढच्याला मिळते.