खिळा तळहातात की मनगटात?

वसईतल्या किंवा जुन्या गोव्यातल्या चर्चमधला क्रूस पाहिला, तर खिळे बहुधा येशूच्या तळहाताच्या मधोमध दिसतात. त्याच्या हातांतले खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय तो पुन्हा जिवंत झाला यावर विश्वास ठेवणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा म्हणतो ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात. पण तिथे तळहाताचा उल्लेख नाही. मूळ ग्रीक शब्द आहे 'खेइर'.

खेइर म्हणजे हात, आणि तो आपल्या 'हाता'सारखाच ऐसपैस. बांगड्या आपण 'हातात' घालतो, पण त्या असतात मनगटावर. ग्रीकांचंही तेच. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात रिबकेला कांकणं मिळतात ती खेइरसाठी, आणि नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात कैदेतल्या पेत्राच्या साखळ्या गळून पडतात त्याही खेइरवरून. मनगटासाठी ग्रीकमध्ये 'कार्पोस' हा वेगळा शब्द होता. मनगटातल्या आठ हाडांना 'कार्पल' म्हणतात ते त्यावरूनच. नव्या करारात मात्र, एका माणसाचं नाव वगळता, कार्पोस जिथे जिथे येतो, तिथे त्याचा अर्थ 'फळ' असा आहे!

शब्दाने मोकळ्या सोडलेल्या या जागेत १९३०च्या दशकात एक शल्यचिकित्सक शिरला. पॅरिसच्या सेंट जोसेफ रुग्णालयातले पिएर बार्बे. शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या हाताच्या तळव्यात त्यांनी खिळा ठोकला आणि ४० किलोंचं वजन लटकवलं. थोड्या वेळाने भोक लांबत गेलं आणि एका हिसक्यासरशी तळवा फाटला. मनगटाच्या हाडांमधून ठोकलेला खिळा मात्र टिकला.

४० किलो हा आकडा खरं तर कमीच. ७० किलोंचा माणूस नुसत्या हातांवर लटकला आणि हात उभ्या रेषेशी ६५ अंशांचा कोन करत असले, तर प्रत्येक हातावर सुमारे ८३ किलोंचा ताण येतो. हात जितके आडवे, तितका ताण जास्त. पण या गणितातला 'नुसत्या हातांवर' हाच शब्दप्रयोग तपासायला हवा. अमेरिकी न्यायवैद्यक तज्ज्ञ फ्रेडरिक झुगिबी यांनी स्वयंसेवकांना पट्ट्यांनी क्रूसावर बांधून मोजमापं घेतली. पायांना आधार असेल तर हातांवरचा ताण बराच उतरतो. शिवाय अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे तिरका ठोकलेला खिळाही भार पेलू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला बार्बेंच्या प्रयोगापेक्षा हा आक्षेप वजनदार वाटतो. 'खेइर म्हणजे मनगटच' असं छातीठोकपणे सांगणारे तो सहसा विचारातच घेत नाहीत.

क्रूसावर खिळलेल्या माणसांचा प्रत्यक्ष पुरावा फार थोडा आहे. १९६८ साली जेरुसलेमच्या गिवात हा-मिवतार भागात पहिल्या शतकातली एक अस्थिपेटी सापडली. तिच्यावर येहोहानान हे नाव कोरलेलं होतं. आतल्या उजव्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटीमीटरचा लोखंडी खिळा अडकलेला होता. त्याचं टोक वाकलेलं असल्यामुळे बहुधा तो उपसता आला नसावा. कोपराखालच्या एका हाडावर ओरखडा दिसला, आणि खिळा तिथे ठोकला होता असं अभ्यासक निकू हास यांनी १९७०मध्ये लिहिलं. १९८५मध्ये जो झियास आणि एलिएझर सेकेलेस यांनी तीच हाडं पुन्हा तपासली. तसे ओरखडे इतर हाडांवरही होते, त्यांचा खिळ्याशी संबंध नव्हता. त्यांच्या मते येहोहानानचे हात खिळ्यांनी नव्हे, दोरीने आडव्या खांबाला बांधलेले असावेत.